सोनं न दाखवणारं मशीन आणि तेरणाकाठचे पाच दिवस

आधीच सांगून टाकतो, गावाचं नाव लिहिणार नाही. का, ते चौथ्या दिवसात येईल. तेरणेच्या काठी, तेरपासून फार लांब नाही, एवढं कळलं तरी बास.

मित्र पुरातत्त्वात पीएचडी करतोय, गेली सात वर्षं करतोय, म्हणून आम्ही त्याला आधीपासूनच डॉक्टर म्हणतो. त्याला फेब्रुवारीच्या शेवटी एका शेतात पाच दिवस मशीन चालवायचं होतं आणि फुकट राबणारा माणूस पाहिजे होता. मी मूळचा लातूरचा, पुण्यात कंपनीत खुर्ची गरम करतो, सुट्ट्या शिल्लक होत्या, म्हटलं चला, हुरडा संपला असला तरी भाकरी तरी मिळेल.

दिवस पहिला

पुण्याहून रात्रीची बस, पहाटे धाराशिव, तिथून डॉक्टरच्या गाडीत तीसेक किलोमीटर. मागच्या सीटवर कॉलेजची दोन पोरं आणि त्यांच्या मांडीवर मशीनची पेटी, एखादं लेकरू धरावं तशी धरलेली. उतरलो आबांच्या घरी. आबा म्हणजे शेताचे मालक, सत्तरीपुढचे, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर, ढाळजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, आमच्या गाद्या टाकलेल्या.

आता पांढरीचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडं काळी म्हणजे पिकाचं रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर परत बांधल्या, राख, शेण, हाडं, खापरं सगळं तिथंच साचत गेलं की जागा उंच होते आणि माती फिकट राखाडी होते. आबांच्या रानाला लागून असंच एक टेकाड आहे, निम्मं अर्धं उकरलेलं, आणि खालच्या सहा एकरात जिथं बघावं तिथं खापरं, काळी-तांबडी, कडेला घासून गुळगुळीत झालेली, मधूनच एखादा फुटका शंखाच्या बांगडीचा तुकडा. तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासनोंदीत त्याचं नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं असं लिहिलंय. त्यामुळं डॉक्टरच्या डोक्यात साधा हिशोब होता, एवढी खापरं वर आहेत म्हणजे खाली सातवाहन काळातली वस्ती पसरलेली असणार, टेकाडापासून पार ओढ्यापर्यंत.

मशीन म्हणजे ग्रेडिओमीटर, जमिनीच्या चुंबकत्वातला फरक मोजणारं. दिसायला अगदी कावड. आडवा दांडा, दोन्ही टोकांना उभ्या नळ्या, प्रत्येक नळीत वर एक आणि खाली एक सेन्सर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात ४३ हजार नॅनोटेस्लाच्या (हे ते मोजायचं एकक) आसपास, आणि पुरलेल्या खड्ड्यानं किंवा भिंतीनं त्यात फरक पडतो कितीचा तर कधी कधी दोन-चारचा. वरच्या आणि खालच्या सेन्सरची वजाबाकी केली की पृथ्वीचं मोठं क्षेत्र उडून जातं आणि पायाखालचं तेवढं उरतं.

दोन-चार नॅनोटेस्ला हुडकायचे म्हणजे अंगावर लोखंड चालत नाही. डॉक्टरनं फोन काढायला लावला, पट्टा काढायला लावला, जीन्स बदलून नाडीची पँट घालायला लावली. दोरी धरायला शेजारच्या एक मावशी आल्या होत्या, त्यांच्या बांगडीत सहा सेफ्टी पिना, त्या मोजून काढून ठेवल्या आणि संध्याकाळी मोजून परत घेतल्या. बांबूच्या खुंट्या, नायलॉनची दोरी, वीस बाय वीस मीटरचे चौकोन, एक चौकोन म्हणजे साधारण चार गुंठे. अर्धा-अर्धा मीटर अंतरावर रेघा, मशीन दर मीटरला टूं करतं, त्या तालावर चालायचं, एका टोकाला गेलं की वळून परत. एका चौकोनात आठशे मीटरच्या रेघा. दोन नळ्या असल्यामुळं एका फेरीत दोन रेघा होतात म्हणून बरं, नाहीतर एकरभर रानात आठ किलोमीटर झाले असते.

तीन चौकोन केले, पाय मोडून आले, संध्याकाळी लॅपटॉपवर बघतो तर माझे चौकोन सगळे पट्ट्यापट्ट्याचे, झेब्र्यासारखे. डॉक्टर गप्प बसून माझ्या पायाकडं बघायला लागला. चप्पल चांगली मोच्याकडून शिवून घेतलेली, टाचेला बारीक सहा-सहा खिळे. सगळा दिवस पाण्यात. चप्पल ढाळजेच्या कोपऱ्यात गेली आणि आबांच्या नातवाचे प्लास्टिकचे पावसाळी बूट माझ्या पायात आले, एक नंबर लहान.

दिवस दुसरा

सकाळी टेप लावून बसलो तोवर बांधावरून आरडाओरडा. आबांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणतात, दोघांत बांधावरून बोलणं बंद. खुंट्या, दोऱ्या, टेप बघून त्यांना वाटलं की थोरल्यानं गुपचूप मोजणी आणली. "कुणाला इचारून मोजायलाव? नोटीस कुठाय?" डॉक्टरनं सातवाहनांपासून सुरुवात केली, ती अर्थातच चुकली. शेवटी सेफ्टी पिनावाल्या मावशी पुढं झाल्या, "आवं मोजणीवाले माझ्या पिना कशाला काढून घेतील?" हे नानांना कसं काय पटलं माहीत नाही, पण गेले.

ह्यात दहा वाजले. मग दिवसभर चाल. तुरीच्या पट्ट्यात कापलेले खुंट, बोटभर जाड आणि तिरके, त्यात लहान बूट आणि टूं टूं. पाय खुंट चुकवायला गेला की नळी डुलते आणि नळी डुलली की रीडिंग डुलतं. सहा चौकोन झाले. रात्री येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, आठला लाईट गेली ती बाराला आली, तोवर मशीनची बॅटरी गाडीवर चार्ज केली.

दिवस तिसरा

आज दुपारपर्यंत आणखी चार चौकोन करून दहाचं एकत्र चित्र जोडलं. म्हणजे एक एकर. ढाळजेत सगळे लॅपटॉपभोवती, आबा पण, चष्मा कपाळावर.

चित्र करडं असतं. जास्त चुंबकत्व काळं, कमी पांढरं असं डॉक्टर ठेवतो. खड्डा, धान्याचं जुनं पेव, चूल, आड असलं काही मातीनं भरलेलं असेल तर काळा ठिपका यावा, कारण वस्तीतली, जाळ लागलेली वरची माती खालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते. दगडी भिंत मातीपेक्षा कमी चुंबकीय असेल तर फिकट रेघ. निदान युरोपात तसं. आपल्याकडं दगडच बेसाल्ट, लाव्हारसाचा, तो स्वतःच चुंबक, ओढ्यानं आणलेले गोटे रानात पडलेले, त्यांनी सगळ्या चित्रावर तीळ टाकल्यासारखं होतं. वरून आणखी एक भानगड, इंग्लंडात पृथ्वीच्या चुंबकीय रेघा जमिनीत जवळजवळ उभ्या घुसतात, इथं पंचवीसेक अंशांनी तिरप्या, त्यामुळं एकाच वस्तूची काळी बाजू दक्षिणेला सरकते आणि उत्तरेला पांढरी सावली पडते. पुस्तकातलं चित्र घेऊन इथं वाचायला बसलं की माणूस फसतो.

पण आम्ही फसायलाही काही नव्हतं. खापरांनी भरलेल्या त्या एकरात, तीळ सोडले तर, काही म्हणजे काहीच नाही. खड्डा नाही, रेघ नाही. फक्त मधोमध एक राक्षस, अर्धं काळं, अर्धं पांढरंफेक, सहा-सात मीटर पसरलेलं, मशीनचं रीडिंग हजाराच्या पुढं. कॉलेजची पोरं खूश. एक म्हणाला सर भट्टी. डॉक्टर म्हणाला भट्टी एवढी ओरडत नाही.

आबांनी चष्मा खाली घेतला, स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, ओढा कुठल्या बाजूला? कडुलिंब कुठं? आणि मग एकदम, "हितं बोर हाय."

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, २०१६ साली, त्याच उन्हाळ्यात आबांनी बोर मारलेला. सहाशे फूट, कोरडा. आतला लोखंडी पाइप, केसिंग, काढायला आणखी पैसे मागितले म्हणून तशीच ठेवली, तोंडावर फरशी टाकून माती लोटली, रान सपाट. पानाड्यानं नारळ हातावर उभा करून जागा दाखवली होती, नारळ लई जोरात फिरला म्हणे. हे सगळं आबा अगदी सहज सांगत होते, पण किती खर्च आला ते मावशींनी विचारल्यावर उठून बाहेर गेले.

बाहेरून आल्यावर दुसरी गोष्ट सांगितली, आणि खरी भानगड तिथं सुटली. डॉक्टर नुसताच पुटपुटत होता की एवढी खापरं आणि खाली काही नाही असं कसं. आबा म्हणाले, खापरं व्हय, ती म्या आणलीत. म्हणजे काय तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पांढरीच्या टेकाडाची माती ट्रॅक्टरनं रानात पसरली, खत म्हणून. पांढरीच्या मातीला कस असतो, पीक येतं, हे गावात सगळ्यांना माहीत, कुणी माळवदावर टाकली, कुणी रानात. किती खेपा? "मोजल्या न्हाईत, पण दोन उन्हाळे चाललं हुतं."

डॉक्टर कितीतरी वेळ काही बोललाच नाही. तीन वर्षं हा माणूस ह्या रानात खापरं वेचून नकाशावर ठिपके मांडत होता आणि ते ठिपके ट्रॉलीनं आलेले. शिवाय काळी माती आपली आपणच उलटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं आत जातं, पावसाळ्यात फुगून आतलं वर येतं, त्यामुळं वीस वर्षांत ती खापरं अशी मुरलेली की जणू जन्मापासून तिथंच आहेत. मी विचारलं, तू आबांना तीन वर्षांत एकदाही विचारलं नाहीस? तर म्हणे प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता.

दिवस चौथा

सकाळी रानात गेलो तर चौकोनाच्या कोपऱ्यावर कमरेएवढा खड्डा. बाजूला कापलेली लिंबं, कुंकू, अगरबत्तीची काडी. रात्रीत कुणीतरी गुप्तधन काढायला आलेलं. गंमत अशी की खणलं कुठं, तर आमच्या लाल फडकं बांधलेल्या खुंटीखाली. त्यांना वाटलं आम्ही खूण करून ठेवलीय. ती खूण कसली, तिथून चौकोन सुरू होतो एवढंच. दोन दिवस पोरं विचारत होती सोनं दाखवतंय का, डॉक्टर दर वेळी सांगत होता की हे मशीन सोनं दाखवूच शकत नाही, सोन्याला चुंबकत्वच नाही, तुमच्या घरातला खिळा दाखवेल पण तोळा नाही दाखवणार. आणि समजा सापडलंच तर १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कुणी ऐकलं नाही. खड्डा बुजवला, त्या दिवसापासून संध्याकाळी सगळ्या खुंट्या उपटून घरी आणायला लागलो. म्हणून गावाचं नाव नाही.

आज दुसरं मशीन, रोधकता मोजणारं. एका चौकटीला दोन सळया, अर्ध्या मीटरवर, त्या जमिनीत टोचायच्या, करंट सोडायचा आणि माती किती अडवते ते बघायचं. दोन सळया लांब एका जागी रोवून ठेवायच्या. ओली माती करंट सोडते, दगडी भिंत अडवते. गावातल्या लोकांना हे लगेच कळलं, कारण बोरवाल्यांकडं असंच मशीन असतं. हे तंत्र जुनं आहे, रिचर्ड ॲटकिन्सननं १९४६ साली इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ डॉर्चेस्टरला पुराणवस्तूंसाठी वापरलं. त्याला तिथं पाऊस होता. आम्हाला फेब्रुवारीची फाटत चाललेली काळी माती. सळी भेगेत गेली की हवेत, रीडिंग उडतं. लांबच्या सळयांना मावशींनी घागरीनं पाणी घातलं, मग जरा जमलं. जमिनीत रडारही सोडतात, पण ओलसर चिकणमातीत त्याची लाट थोड्या खोलीवरच मरते, म्हणून डॉक्टरनं ते आणलंच नव्हतं. भाड्याचा आकडा ऐकल्यावर मला तेच खरं कारण वाटलं.

एक चौकोन झाला, त्यात एक तिरकी रेघ, सव्वा मीटर रुंद, चांगली ठळक. आम्ही कुणी काही बोलायच्या आतच आबा म्हणाले धुरा. वाटण्या व्हायच्या आधीचा दगडी बांध, त्यांच्या वडलांनी मोडला, खालचे दगड तसेच, नांगर अजून तिथं अडतो. बरं.

दुपारी आबा म्हणाले तोंडं पाडून बसू नका, तेरला जाऊन या. गेलो. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तेरच्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे तिथं, मातीच्या बायका-बाहुल्या, दिवे, मणी, आणि हस्तिदंती बाहुली, तसल्याच घडणीची एक इटलीत पॉम्पेईला सापडलीय. त्रिविक्रमाचं देऊळ बघितलं, मागून अर्धगोल, विटांचं, आधी बौद्ध चैत्य असणार असं अभ्यासक म्हणतात. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, एवढ्या हलक्या. गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडले. कुंभाराच्या पायाशी बसून डॉक्टर भट्ट्यांचं बोलायला लागला, की १९५८ साली मार्टिन एटकेननं इंग्लंडात वॉटर न्यूटनला, रस्ता रुंद करायच्या आधी, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर फिरवून रोमन काळातल्या कुंभारांच्या भट्ट्या हुडकल्या, चुंबकानं पुराणवस्तू शोधायचं काम तिथून जोरात सुरू झालं. कारण मातीत लोहाचे कण असतात, सहा-सातशे अंश तापल्यावर ते आपली दिशा विसरतात आणि गार होताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकाची दिशा धरून बसतात ते कायमचं. भारतातही झालंय, ओडिशात शिशुपालगडला मोनिका स्मिथ आणि डेक्कन कॉलेजचे आर. के. मोहंती यांनी असंच आधी मशीन फिरवून मग खोदलं. मला मात्र अलिबागची गोष्ट आवडली. मुंबईत ट्राम विजेवर न्यायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची रीडिंग बिघडणार म्हणून ती १९०४ साली अलिबागला हलवली. माझ्या चपलेचं एवढं वाईट वाटून घ्यायला नको होतं.

दिवस पाचवा

शेवटचा दिवस, दुपारी निघायचं. सामान भरायला घेतलं तर ढाळजेच्या पायरीशी नाना. म्हटलं आता काय. "थोरल्याच्या रानात पाच दिस फिरायलाव, माझ्याकडं काहून न्हाई?" म्हणजे तीन दिवसांपूर्वी हाकलणारा माणूस आता रुसलेला. डॉक्टरनं तिथंच पिशवी खाली ठेवली.

नानांचं रान ओढ्याला लागून. खापरं जवळजवळ नाहीत, म्हणूनच डॉक्टरच्या यादीत ते नव्हतं. ट्रॉली इकडं कधी आलेली नाही हे या वेळी आधी विचारून घेतलं. बोर नाही, जनावरांसाठी लावलेली झटका मशीनची तार होती ती नानांनी स्वतः गुंडाळून बाजूला नेली. चार चौकोन, साडेअकरापर्यंत, मी निम्मे केले, बुटांनी टाचा सोललेल्या पण आता ताल बसला होता.

लॅपटॉप बांधावरच उघडला, लिंबाखाली, पोरानं टॉवेलचा आडोसा धरला. ओढ्याकडच्या चौकोनात तीन डाग. गोलसर, दोन-अडीच मीटरचे, एका ओळीत, दक्षिणेला काळे, उत्तरेला पांढरी सावली, रीडिंग दीड-दोनशेच्या घरात. लोखंडाएवढं टोचणारं नाही आणि खड्ड्याएवढं मवाळही नाही. डॉक्टर काही बोलला नाही, नुसता उठला आणि ओढ्यात उतरला. आम्ही मागं.

पुरानं कड तासलेली, उभी, माणसाच्या छातीएवढी. वर काळी माती, तिच्यात भेगा, आणि हातभर खाली एक तांबडा पट्टा. मी बोटानं दाबला तर काळ्या मातीसारखा दबला नाही, विटेसारखा कडक, नखानं खरवडल्यावर भुकटी केशरी. त्याला चिकटून एक खापर, वाकडं झालेलं, एका बाजूला हिरवट काचेसारखा थेंब ओघळून थिजलेला. भांडं जास्त भाजलं गेलं आणि फसलं, कुंभारानं चिडून फेकलं असणार. नाना वरून वाकून बघत होते, म्हणाले, आवा हाय की ओ हा. त्यांच्या लहानपणी गावात कुंभाराचा आवा लागायचा, तो उकलल्यावर खालची भुई अशीच व्हायची.

मग मी तो प्रश्न विचारला जो सगळे विचारणार, किती जुना? डॉक्टर म्हणाला मशीनला तारीख कळत नाही. सातवाहनांचा असेल, नानांच्या पणज्याच्या वेळचाही असेल. खापराची घडण बघून तो पहिल्याकडं झुकत होता, तोंडानं मात्र कबूल करत नव्हता, सात वर्षं उगाच लागली नाहीत. खणून बघायला पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना पाहिजे, त्याचा अर्ज, मग वाट बघणं. तोवर काही हलवायचं नाही. ते खापरही फोटो काढून, मोजून, तिथंच ठेवलं, मला जड गेलं.

नानांचा प्रश्न वेगळा होता. सोयाबीनला पल्टी, म्हणजे माती उलथवणारा नांगर, मारायची का नाही? डागांची खोली दीड-दोन फूट असावी असा अंदाज. पल्टी किती जाते? फूटभर, कधी सव्वा. नाना आणि आबा बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून ह्यावर बोलायला लागले, मध्ये डॉक्टर, आधी दोघंही त्यालाच सांगायचे, "ह्यांना सांगा, ओढ्याकडं सव्वा फूट जातं," मग पाचेक मिनिटांनी तो बाजूला झाला तरी चालूच. रोटा मारून, म्हणजे वरवरची माती भुसभुशीत करून, भागवावं असं ठरलं वाटतं, आम्ही निघालो तेव्हा अजून ठरतच होतं.

धाराशिवात गुलाबजाम खाऊन रात्रीची बस पकडली. येरमाळ्याच्या पुढं गेल्यावर लक्षात आलं की पायात अजून पोराचे बूट आहेत. आबांना फोन केला, चप्पल तिथंच राहिली, ढाळजेत. आबा म्हणाले राहू द्या, परवाना आला की लागंलच की, मी म्हटलं आबा, त्या चपलेनं तर सगळं बिघडतं, तर म्हणे मग खिळे काढून ठेवतो.